गोव्यातली थंडी आणि गोठा: सामूहिक शेतवाडीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे काम

‘हिवाळ्यात जनावरांची काळजी’ असे मोबाइलवर शोधले की हाती पडतो तो पंजाब-हरियाणाचा सल्ला. गोणपाटाची झूल घाला, शेकोटी पेटवा, गूळ-मेथी द्या, गोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधा. गोव्यात यातले निम्मे निरुपयोगी आहे, आणि ताडपत्रीचा सल्ला तर उघड धोक्याचा.

पणजीत जानेवारीत पहाटे 19-20 अंश सेल्सिअस असते आणि दुपारी 31-32. सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात घाटाच्या पायथ्याशी पहाटेचा पारा याहून काही अंश खाली जातो, दुपार मात्र तेवढीच तापते. होल्स्टीन संकरित गायीला साधारण 25 अंशांपर्यंत हवा मानवते. जानेवारीतल्या पहाटे ती सुखात असते आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता तोंड उघडून धापा टाकते. गावठी गाय, गोव्याचीच श्वेत कपिला जातीची गाय किंवा म्हैस यांना तर आपल्याकडची थंडी थंडीच वाटत नाही. गारठा बाधतो तो वासरांना, करडांना, कोंबडीच्या पिल्लांना आणि एखाद्या म्हाताऱ्या किंवा आजारी जनावराला. म्हणून आपल्या हिवाळ्यात काम तीन दिशांनी करायचे: लहानग्यांना रात्रीची ऊब, मोठ्यांना दुपारची सावली आणि वारा, आणि सगळ्यांसाठी पुढच्या उन्हाळ्याची बेगमी. तिसरे सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे.

हे लिहिताना डोळ्यांसमोर डिचोली-सत्तरीच्या सीमेवरची आमची वाडी आहे. थोड्या गायी, शेळ्या, कोंबड्या. सभासदांतले काही गावातले, काही पणजी-म्हापशाहून रविवारी येणारे. तुमची वाडी पेडण्यात असो की केपेत, क्रम साधारण हाच राहील.

गोठा: वरून उघडा, खालून आडोसा

गोठ्यात शिरा आणि वासराच्या नाकाच्या उंचीवर खाली बसा. दोन मिनिटांत डोळे चुरचुरले तर तिथे अमोनिया साठतो आहे. उभ्या माणसाला तो जाणवत नाही, वासरू मात्र रात्रभर तोच श्वास घेते. ताडपत्रीने बंद केलेल्या गोठ्यात मूत्राची वाफ, शेणाचा ओलावा आणि जनावरांचा उच्छ्वास सगळे आत कोंडते. फुफ्फुसे आधी तिथे बिघडतात आणि नंतर दोष थंडीला दिला जातो.

करायचे ते इतकेच. वाऱ्याच्या बाजूला जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत झावळ्यांचा किंवा गोणपाटाचा आडोसा बांधा. त्याच्या वरची जागा आणि छपराखालची फट मोकळी ठेवा. आडोसा दोरीवर असा लावा की सकाळी नऊला गुंडाळता येईल. फरशीला मोरीकडे उतार आहे का, ते बादलीभर पाणी ओतून पाहा. पाणी जिथे थांबेल तिथेच रात्री वासरू बसणार.

दुपारी अकरा ते चार संकरित गायी सावलीत, पंख्याखाली. जानेवारीत गोठ्यात पंखा लावला म्हणून शेजारी हसतील, हसू द्या.

डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची जुनी रीत आहे. ती गोठ्याबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि तिन्हीसांजेच्या थोड्याच वेळासाठी. रात्रभर धुमसती शेणी गोठ्यात ठेवू नका. वासरांच्या कप्प्याला मच्छरदाणीची जाळी लावणे कधीही बरे.

गोरवांच्या पाडव्यानंतर: जंत आणि लसी

दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात गुरांना न्हाऊ घालतात, रंगवतात, माळा घालून पोळे, म्हणजे तांदळाचे घावन, खाऊ घालतात. तो दिवस कॅलेंडरवर ठळक असतो, सगळे सभासद हजर असतात आणि प्रत्येक जनावराच्या अंगावरून हात फिरलेला असतो. तीच वर्षाची तपासणी माना. कोणाच्या बरगड्या दिसतात, कोणाच्या जबड्याखाली पाणी उतरले आहे, कोणाचे खूर वाढले आहेत, हे त्याच दिवशी वहीत लिहा.

जबड्याखालची सूज आणि पातळ शेण दिसले की पहिला संशय पर्णकृमींचा. पावसाळ्यात आणि भातकापणीनंतर जनावरे ओल्या मळ्यांत चरतात. तिथल्या गोगलगायींतून बाहेर पडलेल्या अळ्या गवताला चिकटून पोटात जातात. बाजारात मिळेल ते जंतांचे औषध सगळ्यांना पाजून टाकण्यापेक्षा ताज्या शेणाचा नमुना लहान डबीतून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. गोल जंत आणि पर्णकृमी यांची औषधे वेगळी असतात, आणि काही औषधे गाभण जनावराला गर्भारपणाच्या सुरुवातीला चालत नाहीत. औषध दिल्यानंतर किती दिवस दूध विकायचे नाही, हेही डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

मात्रा वजनावर ठरते आणि वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलोतले वजन मिळते. घेर 60 आणि लांबी 50 असेल तर साधारण 273 किलो.

सकाळी दंव वाळल्यावरच चरायला सोडा. जंतांच्या अळ्या दंवाच्या ओलाव्यात गवताच्या टोकापर्यंत चढतात आणि उन्हाबरोबर खाली उतरतात. शेळ्यांच्या बाबतीत हा नियम अजिबात मोडू नका.

लसींपैकी लाळ-खुरकूताची सर्वांत महत्त्वाची. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती दर सहा महिन्यांनी मोफत दिली जाते. वासराला पहिली मात्रा चौथ्या महिन्यानंतर, दुसरी महिन्याभराने. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची (गाभ पडण्याच्या रोगाची) लस आयुष्यात एकदाच. शेळ्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची. टोचण्याआधी कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक आणि तारीख वहीत उतरवा. लसीनंतर एक-दोन दिवस दूध कमी होते, अंग थोडे तापते. रविवारच्या सभासदांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲप गटावर घबराट पसरते.

बाहेरून विकत आणलेले किंवा दान मिळालेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधा. वेगळी बादली, वेगळी झाडणी, आणि त्याचे काम सर्वांत शेवटी. दान म्हणून आलेल्या गायीला वेगळे ठेवणे काहींना अपमानास्पद वाटते. वाटू द्या.

गोचीड आणि पातेरा

हा भाग सत्तरी, डिचोली, सांगे आणि पलीकडे दोडामार्गात राहणाऱ्यांनी नीट वाचावा.

क्यासनूर जंगलताप, म्हणजे आपण ज्याला माकडताप म्हणतो, तो 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. सत्तरीत तो 2015 पासून आणि दोडामार्गात 2016 पासून माणसांत आढळला. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मोसम, कारण पाऊस संपल्यावर जंगलातल्या पाचोळ्यात गोचिडीची बारीक पिल्ले वाढतात. गुरांना या तापाने काही होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि गुरांबरोबर वाडीपर्यंत येतात.

आणि नेमक्या याच महिन्यांत आपण गोठ्यात अंथरायला पातेरा गोळा करतो. काजूखालचा, रानातला सुका पाला मोळ्या बांधून डोक्यावरून आणायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माकडतापाच्या पट्ट्यात ती मोसमापुरती बंद ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अंथरायला भाताचे तूस, खराब न झालेला पेंढा किंवा कुळागरातली सुकी झापे वापरा. पातेरा आणायचाच असेल तर रोज झाडलेल्या आपल्याच परसातला आणा, तोही गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागे गोचीड चिकटली आहे का ते तपासणे. आरोग्य केंद्रात अंगाला लावायचे तेल मिळाले तर रानात जाताना लावा. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. रानात जाऊन आलेल्याला जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका. दवाखान्यात ‘गोचीड’ हा शब्द स्वतःहून उच्चारा.

जनावरांच्या अंगावर गोचीड शोधायची ती कानाच्या आत, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत, शेपटीखाली, कासेच्या मागे. नुसत्या जनावरावर औषध मारून उपयोग नाही, कारण गोचिडींचा मोठा भाग कोणत्याही वेळी भिंतीच्या भेगांत आणि गव्हाणीच्या लाकडांत असतो. म्हणून एकाच दिवशी जनावर आणि गोठा दोन्ही, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पुन्हा एकदा. भेगा सिमेंटने बुजवा. फवाऱ्याच्या दिवशी गव्हाण रिकामी, पाण्याची टाकी झाकलेली. संकरित वासराला एकाएकी ताप, मानेजवळच्या गाठी सुजलेल्या, किंवा मोठ्या गायीला कॉफीच्या रंगाची लघवी दिसली तर तो गोचीडताप असू शकतो. सकाळची वाट पाहू नका.

चारा: जूनपर्यंतचा हिशेब आत्ताच

डिसेंबरात सगळीकडे हिरवे दिसते आणि तेच फसवते. फेब्रुवारीत डोंगर पिवळे पडतात, नवे गवत खाण्याजोगे होईपर्यंत जुलै उजाडतो. साधारण 150 दिवस. तीनशे किलोच्या गायीला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. त्यातला पाच किलो पेंढा धरला तर एका गायीमागे साडेसात क्विंटल. हा आकडा फळ्यावर लिहून गायींच्या संख्येने गुणा. कापणीनंतर पेंढा स्वस्त असतो, एप्रिलमध्ये मालक सांगेल तो भाव.

कापणीत परतीचा पाऊस लागला असेल तर पेंढा आतून काळा पडतो. हात घालून वास घ्या. बुरशी आलेला पेंढा खतात टाका. तो खाल्ल्याने शेपटीचे टोक, कानांच्या कडा आणि खुरांवरची कातडी कुजण्याचा आजार होतो. चांगल्या पेंढ्याची उडवी लाकडी माचीवर रचा, गोठ्यापासून आणि स्वयंपाकाच्या मांगरापासून दूर, भोवती पाच-सहा हात जमीन खरवडून. फेब्रुवारीनंतर डोंगराला लागणारे वणवे वाडीपर्यंत येतात.

भाताच्या पेंढ्यात प्रथिने फार थोडी, म्हणून युरिया प्रक्रिया करावी. 100 किलो पेंढा, 4 किलो युरिया, 50 लिटर पाणी. पेंढ्याचा थर पसरा, विरघळलेला युरिया झारीने सारखा शिंपडा, पायाने दाबा, त्यावर पुढचा थर. शेवटी प्लॅस्टिकने घट्ट झाका आणि तीन आठवडे उघडू नका. उघडल्यावर रंग पिवळसर तपकिरी दिसतो आणि झणझणीत वास येतो. रोज लागेल तेवढा काढून तासभर हवेवर ठेवा, मग द्या. पहिल्या आठवड्यात थोडा थोडा मिसळून. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. युरियाचे पाणी भरलेली बादली उघड्यावर राहिली आणि तहानलेल्या गायीने ती प्यायली तर तासा-दोन तासांत गाय जाते. सामूहिक वाडीवर हे काम दोनच माणसांनी करावे, त्या दिवशी गुरे बांधलेली असावीत आणि उरलेले पोते कुलपात जावे.

हिरव्यासाठी गोठ्याच्या सांडपाण्यावर संकरित नेपियर गवत लावा. वायंगणात, म्हणजे हिवाळी पिकाच्या शेतात, भुईमूग, चवळी किंवा अळसांदे असतील तर काढणीनंतरचा वेल गुरांना, फणसाचा पाला शेळ्यांना. अझोल्याच्या, म्हणजे चाऱ्यासाठी पाण्यावर वाढवायच्या बारीक वनस्पतीच्या, टाक्यांचे फोटो फार पाहिले. टाकी नियमित सांभाळणारा माणूस नसेल तर तो खटाटोप करू नये. खोबऱ्याची पेंड उत्तम, पण जुनी झाली की खवट होते, म्हणून थोडी थोडी आणा. मोठ्या गायीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण.

काजूला मोहोर येतो तो याच काळात आणि ढेकण्या या किडीसाठी फवारणीही याच काळात होते. शेजारच्या बागाइतदाराला फवारणीचा दिवस आधी विचारा आणि नंतर काही दिवस तिथे शेळ्या सोडू नका.

वासरे, करडे

वासरू जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. नाळेला टिंक्चर आयोडीन. अंग कोरड्या गोणपाटाने चोळून पुसा. थंडीत ओले वासरू गारठते.

करडांसाठी पेंढ्याचा थर इतका जाड हवा की बसल्यावर पाय दिसू नयेत. शेळ्यांचा माचा जमिनीपासून उंच असतो, त्याच्या फटींतून पहाटेचा वारा खालून लागतो. करडांच्या कोपऱ्यात फटींवर गोणपाट टाका. मलूल पडलेल्या करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागले तर आधी ऊब, मग दूध. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा. गार करडाला जबरदस्तीने पाजलेले दूध फुफ्फुसात जाते.

म्हशी याच महिन्यांत माजावर येतात आणि त्यांचा माज मुका असतो, म्हणजे लक्षणे फारशी दिसत नाहीत. गायीचा माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करा. तारीख लिहा आणि 21व्या दिवशी पुन्हा पाहा.

कोंबड्या

पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्ले खरे सांगतात: दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी, कडेला पांगून चोची उघडल्या तर उष्मा, सगळीकडे विखुरली तर ठीक. दिवा साखळीने टांगा, वायरने नको. तुसाला आग लागायला वेळ लागत नाही.

कोंबड्यांच्या दोन साथरोगांच्या लसी चुकवू नका: राणीखेतची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास, पुढच्या मात्रा डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे. लस बर्फाच्या डब्यातूनच आणा.

डिसेंबरात आपल्याकडे दिवस सव्वाअकरा तासांच्या आत असतो आणि भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो. पहाटे दिवा लावून तेवढी भर घाला. संध्याकाळी वाढवलेला उजेड एकदम विझला की त्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात. गावठी कोंबड्यांना मात्र त्यांच्या चालीने राहू द्या.

करमळीच्या किंवा मयेच्या तळ्यासारख्या पाणथळीजवळ वाडी असेल तर हिवाळ्यात उत्तरेकडून बदके उतरतात आणि त्यांच्याकडून बर्ड फ्लू येऊ शकतो. कोंबड्यांचे खाद्य आणि पाणी छपराखाली ठेवा, तळ्यावर जाऊन आलेल्याच्या चपला खुराड्याबाहेर. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर पुरून मोकळे होऊ नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

अनेक हात आणि एक वही

एकाच्या गोठ्यात गाय उपाशी राहत नाही. दहा जणांच्या गोठ्यात ती उपाशी राहू शकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चौघांनी चार वेळा पेंड घातलेली असू शकते. म्हणून गव्हाणीशेजारी खिळ्याला एकच वही. प्रत्येक पाळीला चार गोष्टी: काय आणि किती घातले, रवंथ करते का, शेण कसे, दूध किती. सही आणि वेळ. व्हॉट्सॲप गट गप्पांसाठी ठीक. औषधाची नोंद मात्र वहीत, आणि औषध द्यायचा अधिकार ठरवलेल्या दोघांनाच.

पाळ्या लावताना आधी जत्रा लिहा. पौषात फातर्पे, म्हापशाला बोडगेश्वर, आणि प्रत्येक गावाची स्वतःची. त्या दिवशी गोठ्यावर कोणी सापडत नाही. नाताळच्या आठवड्यात ख्रिस्ती सभासदांना सुटी, जत्रेच्या दिवशी त्यांची पाळी, अशी अदलाबदल नोव्हेंबरातच ठरवा.

हे सण गायीच्या पोटालाही महाग पडतात. महाप्रसादाचा उरलेला भात, केळी, पोळे, ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून टोपलीभर गायीपुढे ओतले जातात. एकदम खाल्लेला शिजवलेला भात पोटात आंबतो, आम्लता वाढते, रवंथ थांबते, आणि दुसऱ्या दिवशी गाय उठत नाही. ओंजळभर चालेल. बाकीचे खतात. फेब्रुवारीपासून काजूची बोंडे पडू लागली की शेळ्यांना हाच नियम. वाडीवर डुकरे असतील तर घरोघरचे खरकटे उकळूनच द्या, कारण खरकट्यातल्या मांसातून स्वाइन फिव्हर येतो.

पाहुण्यांच्या मुलांना खाऊ घालायची हौस असते. त्यांच्यासाठी सकाळीच कापलेल्या गवताची टोपली भरून ठेवा आणि ती संपली की संपली. प्लॅस्टिक पिशवी घेऊन गोठ्यात कोणी शिरणार नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा नाही.

डॉक्टरांना केव्हा बोलवायचे

फोन करण्याआधी गुदद्वारातले तापमान घ्या. गायीचे 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक, शेळीचे साधारण अंशभर जास्त. डाव्या कुशीला फुगवटा येऊन पोट नगाऱ्यासारखे वाजत असेल, श्वास लागला असेल, तोंडातून लाळेच्या तारा गळत असतील, विणाऱ्या गायीला पाणमोट फुटून दोन तास झाले तरी वासरू दिसत नसेल, किंवा व्यालेली गाय मान कुशीला टेकवून गार पडली असेल, तर वेळ रात्रीची असली तरी फोन. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात तेल, काढा काहीही ओतू नका. त्याला छातीवर बसते करा आणि दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या पेंड्यांचा टेकू द्या.

डॉक्टर येईपर्यंत एकाने गोठ्यात थांबावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन रस्त्यावर, कारण रात्री वाडीकडे वळणारी पायवाट नवख्याला दिसत नाही. वही, बिल्ल्याचा क्रमांक आणि गरम पाण्याची बादली तयार ठेवा.